[मंडळ] टी४३० वर रेड हॅट १० चढत नाहीये. रॉकी, आल्मा की आणखी काही?

सुप्रिया (एस्लिंगेन), सोमवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी,

अश्विनीताईंकडून आणलेला मंडळाचा टी४३० लॅपटॉप (हो, तोच, आरतीच्या स्लाइड्सवाला) पुढ्यात घेऊन तीन दिवस बसले आहे. ईएक्स२०० (रेड हॅटची लिनक्स सिस्टिम सांभाळण्याची परीक्षा) ची तयारी सुरू केलीय. परीक्षा १० वर द्यायची ठरलं, म्हणून डेव्हलपर खातं काढून रेड हॅट १० (त्यांची लिनक्स) उतरवून घेतली आणि यूएसबी बनवली. मेनू येतो. इन्स्टॉल म्हटलं की दोन सेकंदांत काळा पडदा, "फेटल ग्लिबसी एरर: सीपीयू डझ नॉट सपोर्ट एक्स८६-६४-व्ही३", आणि खाली कर्नल पॅनिक. यूएसबी दोनदा नव्याने केली, बायोसही उघडून पाहिलं. तेच.

आता रेड हॅटच्याच घराण्यातल्या फुकट लिनक्सांपैकी रॉकी टाकू, आल्मा टाकू की सरळ फेडोरा? घरातला दुसरा लॅपटॉप म्हणजे ह्यांच्या ऑफिसचा, त्याला हात लावायची सोय नाही. नवा घ्यायचा तर आधी नोकरी हवी, आणि नोकरीसाठी ही परीक्षा. असं सगळं गोल गोल आहे.

विंडोज अजून पुसलेली नाही. अश्विनीताई, शांत झोपा.

सुप्रिया

---

निखिल, सोमवार, रात्री ११:५८

उबुंटू टाक ना ताई! टी४३० वर लोण्यासारखं चालतं. लिनक्स ते लिनक्स, आज्ञा सगळ्या त्याच.

---

मकरंद (ब्योब्लिंगेन), मंगळवार, सकाळी ७:१०

> लिनक्स ते लिनक्स, आज्ञा सगळ्या त्याच

निखिल, एलएस आणि सीडी त्याच रे. पण या परीक्षेत प्रोग्राम बसवायला डीएनएफ आहे, एपीटी नाही. नेटवर्क एनएमसीएलआयने लावायचं, नेटप्लॅनने नाही. फायरवॉलडी आहे, यूएफडब्ल्यू नाही. आणि मुख्य म्हणजे सुरक्षा राखणारं एसई-लिनक्स. उबुंटूवर त्या जागी ॲपआर्मर असतं, त्याचा इथे काडीचा उपयोग नाही. एलपीआयसी-१ किंवा कॉम्पटिया लिनक्स+ देणार असती तर मीही म्हणालो असतो की उबुंटू घे, त्या परीक्षा कुठल्या एका कंपनीच्या नाहीत. ईएक्स२०० मध्ये बहुपर्यायी प्रश्नच नसतात, समोर यंत्र देतात आणि काम करून दाखवा म्हणतात. ३०० पैकी २१० मिळाले तर पास. हाताला चुकीची सवय लागली तर तिथे वेळ जातो.

सुप्रिया, तुझी यूएसबी ठीक आहे. टी४३० मधला प्रोसेसर आयव्ही ब्रिज पिढीचा, २०१२ चा. रेड हॅट १० ला व्ही३ पातळीचा प्रोसेसर लागतो, म्हणजे एव्हीएक्स२ वगैरे सूचना हव्यात. इंटेलकडे त्या २०१३ च्या हॅसवेलपासून आल्या. बायोसमध्ये काहीही चालू-बंद केलंस तरी नसलेली गोष्ट येणार नाही. ९ ला व्ही२ पुरतं, त्यामुळे ९ या यंत्रावर मजेत चालेल.

रॉकी १० ही इथे अडेल, तीही व्ही३ च मागते. आल्माने मात्र १० ची एक वेगळी व्ही२ प्रत जुन्या यंत्रांसाठी काढलेली आहे. उतरवताना नावात व्ही२ आहे ना ते नीट बघ, नाहीतर पुन्हा तोच काळा पडदा.

मकरंद

---

विद्याधर, मंगळवार, सकाळी ९:२५

सुप्रिया, या नव्या भानगडींत पडू नकोस. सेंटओएस टाक. मी सेंटओएस ५ पासून वापरतोय, कधी त्रास नाही. रेड हॅट जशी, तशीच ती, फक्त फुकट.

विद्याधर काका

---

मकरंद, मंगळवार, सकाळी ९:४०

काका, तुम्ही म्हणता ती सेंटओएस आता राहिलेली नाही. ८ चा आधार (अपडेट येणं) ३१ डिसेंबर २०२१ ला संपला, ७ चा ३० जून २०२४ ला. आता आहे ती सेंटओएस स्ट्रीम, आणि ती रेड हॅटच्या मागून नाही, पुढून चालते, म्हणजे बदल आधी तिच्यात येतात, मग रेड हॅटमध्ये. शिवाय स्ट्रीम १० सुद्धा व्ही३ च मागते.

---

विद्याधर, मंगळवार, सकाळी १०:०५

राहिलेली नाही काय? माझ्या तळघरात ७ चा सर्व्हर आजही चालू आहे. सगळे फोटो त्यावरच आहेत.

आणि रॉकी काढणारा ग्रेगरी कर्टझर हा मूळ सेंटओएसवालाच. सेंटओएसमधला त्याचा दिवंगत सहकारी रॉकी मॅकगॉ, त्याच्या आठवणीत नाव ठेवलं. कंपनीने अर्ध्यात हात काढून घेतल्यावर माणसं आपली उभी राहिली. आल्मामागे क्लाउडलिनक्स नावाची कंपनीच होती. मला विचाराल तर निष्ठा म्हणून तरी रॉकी. आल्मा म्हणजे स्पॅनिशमध्ये आत्मा म्हणे. आत्मा घेऊन काय करायचंय, आपल्याला दगडच बरा.

---

निखिल, मंगळवार, सकाळी १०:१२

काका, तो ७ इंटरनेटला जोडलेला नाही ना?? 😬

---

अश्विनी (खजिनदार), मंगळवार, दुपारी १:३०

सुप्रिया, शांत कशी झोपू? त्या लॅपटॉपवर २०१४ पासूनची वर्गणीची एक्सेल आहे, हॉलच्या अनामत रकमेच्या पावत्या स्कॅन करून ठेवल्यात, आणि "बॅकअप आहे" असं म्हणणारे गृहस्थ दोन वर्षांपूर्वी हॅम्बुर्गला गेले. लॅपटॉप द्यायला माझी कधीच ना नव्हती. पण मी दिला तो "बघायला" दिला होता, "पुसायला" नाही. मंडळाच्या वस्तूवर काही नवं टाकायचं तर कार्यकारिणीत विषय यायला हवा होता, असं मला वाटतं. दिवाळी पहाटेला मिक्सरचं काय झालं ते सगळ्यांना आठवत असेलच.

अश्विनी

---

मकरंद, मंगळवार, दुपारी १:५५

मिक्सर मी परत आणून दिला होता. केबलसकट.

वाद नको. टी४३० ची डिस्क एका बाजूच्या झाकणामागे असते. झाकणाचा एकच स्क्रू काढायचा आणि डिस्क पट्टी धरून बाहेर ओढायची, दोन मिनिटांचं काम. माझ्याकडे २५० जीबीची एक जुनी एसएसडी पडून आहे, ती घाल. मंडळाची डिस्क पाकिटात घालून, वर नाव लिहून, अश्विनीताईंच्या ताब्यात. परीक्षा झाली की उलट क्रिया. यात पुसायचं काहीच नाही, त्यामुळे कार्यकारिणीचाही प्रश्न येत नाही.

---

शुभांगी (सचिव), मंगळवार, दुपारी ३:१५

सर्वांना विनंती, तांत्रिक चर्चा व्हॉट्सॲपच्या "आयटी कट्टा"वर करावी. संक्रांतीच्या तिळगुळाच्या ऑर्डरीचा मेल या सगळ्यात खाली गेला. आतापर्यंत फक्त चार घरांनी कळवलंय.

शुभांगी

---

गौरी, मंगळवार, दुपारी ३:४०

आमचे अर्धा किलो, शुभांगीताई. हलवा नको.

सुप्रिया, तू आर्बाइट्सआगेंटुरला (रोजगार कार्यालयाला) बिल्डुंग्सगुटशाइन, म्हणजे कोर्सच्या फीचं व्हाउचर, मागितलास का? माझा पूर्ण कोर्स त्यावरच झाला. कोर्स मात्र त्यांच्या मान्यतेचा असावा लागतो, कुठलाही चालत नाही. आणि तो हक्क नव्हे, समोरच्या बाईंना पटावं लागतं. मी ज्या पदांना अर्ज करणार त्या दहा जाहिराती छापून नेल्या आणि त्यातली लिनक्सची ओळ पिवळी करून टेबलावर ठेवली. तिसऱ्या भेटीत मिळाला.

---

सुप्रिया, मंगळवार, रात्री १०:२०

गौरी, थँक्यू, पिवळ्या पेनची युक्ती करते. माझ्या बाई आधी जर्मनची बी२ पातळी आणा म्हणतात.

मकरंददादा, डिस्कचं पटलं. पण मग आल्मा १० व्ही२ घेऊ की रेड हॅटचीच ९ घेऊन परीक्षाही ९ वर देऊ? आल्मा आता रेड हॅटची हुबेहूब नक्कल नाही असं वाचलं. परीक्षेला काही वेगळं निघालं तर?

---

मकरंद, मंगळवार, रात्री ११:०५

बरोबर वाचलंस. जून २०२३ मध्ये रेड हॅटने सोर्स कोड मिळायची वाट आवळली, तेव्हा आल्माने "प्रत्येक बगसुद्धा तोच" हा हट्ट सोडला. रेड हॅटवर चालतं ते आल्मावर चालावं, एवढं वचन ठेवलं. ईएक्स२०० च्या पातळीला तुला फरक जाणवणार नाही. वापरकर्ते, परवानग्या, एलव्हीएम (डिस्कचे भाग पाडणं), एफएसटॅब (सुरू होताना कुठली डिस्क कुठे जोडायची ती फाइल), सिस्टिमडी (सेवा चालू-बंद करणारं), एसई-लिनक्स, सगळं तेच.

९ की १० हे मात्र यंत्र बघून ठरवू नको, परीक्षेची उद्दिष्टं बघून ठरव. ९ च्या यादीत पॉडमनचे कंटेनर (प्रोग्राम वेगळ्या डब्यात चालवणं) आहेत. १० च्या यादीतून ते गेले आणि फ्लॅटपॅक (प्रोग्राम बसवायची आणखी एक पद्धत) आलं. १० ठरवलीच आहेस तर आल्मा १० व्ही२ घे, आणि ९ च्या जुन्या व्हिडिओंमधला कंटेनरचा भाग सोडून दे.

रचना अशी कर. एसएसडीवर फेडोरा टाक, ती या यंत्रावर चालते. तिच्यात व्हर्ट-मॅनेजरने आल्माची दोन आभासी यंत्रं. एक बिघडवायला, एक पलीकडून जोडायला. बिघडवण्याआधी स्नॅपशॉट. थेट एसएसडीवर आल्मा टाकलीस तर पहिल्याच चुकलेल्या एफएसटॅबनंतर रात्रभर बसशील. रॅम किती आहे? ८ असेल तर दोन यंत्रं आरामात. आणि एक लक्षात ठेव, खालचा प्रोसेसर जुना असला की आतल्या आभासी यंत्रालाही एव्हीएक्स२ मिळत नाही, त्यामुळे आतही व्ही२ च.

एफएसटॅबचं सांगतो कारण माझी परीक्षा पहिल्या वेळी तिथेच गेली. सगळं सोडवून अर्धा तास हातात होता, एका यूयूआयडीत (डिस्कच्या ओळखक्रमांकात) एक अक्षर चुकलं होतं. शेवटी रीबूट केलं आणि यंत्र इमर्जन्सी मोडमध्ये. तपासणी रीबूटनंतर जे उभं असेल त्याची होते. घाबरून भलतंच करत बसलो आणि वेळ संपली. तेव्हापासून माउंट -ए (ती फाइल तपासून बघायची आज्ञा) केल्याशिवाय मी घरातला दिवाही बंद करत नाही.

---

निखिल, बुधवार, सकाळी ८:३०

माझ्या एम१ मॅकवर यूटीएममध्ये (मॅकवरचा आभासी यंत्रांचा प्रोग्राम) रॉकी ९ मस्त चालते. ८ मात्र सुरूच होईना, का ते कळलं नाही. ताईला हवा तर शनिवार-रविवार मॅक देतो.

परवा एकाने त्याच्या परीक्षेत काय काय आलं ते पाठवलंय, पहिला प्रश्न म्हणे

---

मकरंद, बुधवार, सकाळी ८:३४

निखिल, थांब! प्रश्न इथे लिहू नको. परीक्षेआधी गुप्ततेवर सही घेतात. कुणाचं प्रमाणपत्र जाईल आणि आपल्या मेलयादीचं नाव खराब होईल.

८ चं कारण मेमरीच्या पानाचा आकार. एआरएमवर (तुझ्या मॅकसारख्या चिपवर) ८ चा कर्नल ६४ केबीची पानं मागतो, ती ॲपलच्या चिपला जमत नाहीत. ९ पासून ४ केबी केली. सरावाला मॅक उत्तम. फक्त घरून परीक्षा द्यायची तर त्यांची यूएसबी घालून यंत्र सुरू करावं लागतं आणि ते एआरएमवर होत नाही. बाहेरचा वेबकॅमही लागतो. सुप्रिया, टी४३० वरून देणार असशील तर ती यूएसबी आधी लावून तपास, परीक्षेच्या दिवशी नको.

---

विद्याधर, बुधवार, सकाळी ११:००

एक कुणी सांगत नाही म्हणून मी सांगतो. कीबोर्ड! आपले सगळ्यांचे जर्मन. सिस्टिम चालू झाल्यावर लोकलसीटीएलने डीई (जर्मन मांडणी) लावता येईल, पण रूटचा पासवर्ड मोडायला ग्रबमध्ये (यंत्र सुरू होतानाच्या मेनूत) थांबतो तेव्हा तिथे अमेरिकन मांडणी असते. इनिट=/बिन/बॅश लिहायचं तर बरोबरचं चिन्ह एस्झेटच्या (ß) उजवीकडच्या कळीवर, तिरपी रेघ डॅशच्या कळीवर, आणि वाय-झेडची अदलाबदल. मी एकदा त्या रेघेसाठी वीस मिनिटं शोधाशोध केली होती. एक कागद करून भिंतीवर लाव, आणि परीक्षा घरून देणार असलीस तर त्या दिवशी उतरव. आत भिंतीवरचं चालत नाही.

(निखिल, सर्व्हरची केबल काढली.)

---

अश्विनी, बुधवार, दुपारी १२:४५

डिस्कचा पर्याय मला मान्य. पाकिटावर "मंडळ" लिहू नका, "वर्गणी" लिहा. मागच्या वेळी "मंडळ" लिहिलेलं खोकं कुणीतरी रांगोळीच्या सामानात टाकलं होतं. चार्जरची पिन सैल आहे, वाकवू नका.

---

सुप्रिया, शुक्रवार, रात्री १२:१०

काल ब्योब्लिंगेनला जाऊन दादांकडून एसएसडी आणली. एस१ ने सरळ जाता येतं, तरी पाऊण तास उशीर. स्क्रू एकच निघाला, खरंच. फेडोरा बसली, आत आल्मा १० व्ही२ ची दोन यंत्रं चालू आहेत, नावं "दगड" आणि "आत्मा". रॅम ८ आहे.

"दगड" आत्ताच इमर्जन्सी मोडमध्ये गेलाय. एफएसटॅब.

वर्गणीचं पाकीट उद्या तिळगूळ न्यायला येईन तेव्हा अश्विनीताईंच्या हातात देते. शुभांगीताई, आमचे एक किलो, उशीर झाला असेल तर अर्धा.