पाहुणे नर्तक असायलाच हवेत

अमेरिकेतील बॅले शाळांनी डिसेंबरमधील ‘नटक्रॅकर’ या नाताळच्या कथेवरील बॅलेसाठी बाहेरचे व्यावसायिक नर्तक न बोलावता मुख्य भूमिका आपल्याच विद्यार्थ्यांना द्याव्यात, हे मत मला पटत नाही. १८९२ साली सेंट पीटर्सबर्गमधील पहिल्या प्रयोगातही मुलांच्या भूमिका शाळेतील विद्यार्थ्यांनी केल्या, पण शुगर प्लम फेअरी ही परीची मुख्य भूमिका साकारली ती अंतोनिएत्ता देल’एरा या पाहुण्या इटालियन नर्तकीने. ही परी जोडीदारासोबत जे युगुलनृत्य करते, त्यात नर्तकी एका पायाच्या बोटांच्या टोकांवर गिरक्या घेत असताना जोडीदाराला तिच्या कमरेपाशी हात ठेवून तिचा तोल सावरावा लागतो, आणि ही जाण अनेक वर्षांच्या सरावाशिवाय येत नाही. शिवाय विंगेत उभ्या असलेल्या लहान मुलींना ती मेहनत इतक्या जवळून एरवी कुठे पाहायला मिळणार? मात्र पाहुण्यांनी विद्यार्थ्यांचा एखादा वर्ग घ्यावा, असा आग्रह आयोजकांनी जरूर धरावा.