मदत हवी आहे: नाशिकसाठी मनोरुग्णांच्या खाटा किती मागायच्या?

आमच्या नागरिक गटाला पालकमंत्र्यांना निवेदन द्यायचंय, पण घोडं अडलंय आकड्यावर. 2022 मध्ये जगभरच्या तज्ज्ञांचं एकमत झालं ते असं: लाख लोकांमागे किमान 30 खाटा, 60 असल्या तर उत्तम. 2011 च्या जनगणनेत आपला जिल्हा 61 लाखांचा, म्हणजे किमान अठराशे! ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी या चार सरकारी मनोरुग्णालयांत मिळूनच साडेपाच हजारांच्या आसपास आहेत. इतक्या मागितल्या तर हसतील.

माहिती अधिकारात जिल्ह्याचा आकडा मिळाला, पण त्यात व्यसनमुक्तीच्या खाटाही मिसळल्यात. वेगळ्या करून मागितल्या, उत्तर नाही. ‘समुपदेशन केंद्रं मागा’ हा मुद्दा निवेदनात आधीच आहे. आरोग्य नियोजनात काम केलेल्यांनी सांगावं: या हिशेबात व्यसनमुक्तीच्या आणि वर्षानुवर्षं राहणाऱ्या रुग्णांच्या खाटा धरतात की वगळतात?