लाइट गेली की नेट जातं: ६०० व्हीएचा यूपीएस घ्यावा की राउटरपुरता छोटा?

घणसोलीकर:
पावसाळा सुरू झाल्यापासून महावितरणची लाइट मधेच जाते, कधी पाच मिनिटं तर कधी दीड तास. सोसायटीचा जनरेटर लिफ्ट आणि जिन्यापुरताच. घरून काम करायला लॅपटॉप आणि २४ इंची मॉनिटर आहे, बिल्ड (कोडपासून प्रोग्रॅम तयार करायचं काम) ऑफिसच्या सर्व्हरवर चालतात. दुकानदार ६०० व्हीए सुचवतोय. काय घ्यावं?

तीनहातनाका:
छोटाच घ्या. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी आहे. त्याला यूपीएस लावला तर डीसीचं एसी आणि एसीचं पुन्हा डीसी होतं, दोन्ही वेळा वीज वाया. मॉनिटर तासभर बंद राहिला तरी काम अडत नाही. चालू राहायला हवेत ते ओएनटी (फायबर ज्यात येतं तो कंपनीचा डबा) आणि राउटर.

छोट्या यूपीएसच्या खोक्यावरच्या एमएएचला (बॅटरीच्या क्षमतेचा आकडा) भुलू नका. तो आकडा ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो, १२ व्होल्टचा नव्हे. ८८०० एमएएच म्हणजे साधारण ३२ वॉट-तास. व्होल्टेज वाढवताना जाणारी वीज धरून हाती २६ लागतात. ओएनटी आणि राउटर मिळून १० वॉट खात असतील तर अडीच तास निघतील.

पिनही तपासा. बाहेरचा व्यास ५.५ मिमी सारखाच दिसतो, पण आतलं भोक २.१ किंवा २.५ असतं. २.१च्या सॉकेटमध्ये २.५ची पिन घातली तर ती सैल बसते, नुसता धक्का लागला तरी राउटर रीस्टार्ट होतो आणि दोष मात्र बॅटरीला दिला जातो.

वाशीखाडी:
त्याआधी घरात नेमकं काय येतं ते बघा. बारीक फायबर थेट ओएनटीत जात असेल तर वाटेतल्या स्प्लिटरला (एक फायबर अनेक घरांत वाटणारा) वीज लागत नाही, कंपनीच्या टोकाला बॅकअप असला की झालं. पण डक्टमधून लॅनची वायर येत असेल तर गच्चीवर किंवा मीटररूममध्ये कुठेतरी नेटवर्कचा स्विच (घराघरांत लॅन वाटणारा डबा) आहे, आणि तो लाइटीबरोबरच बंद पडतो. मग घरातला यूपीएस कितीही चांगला असला तरी उपयोग शून्य. तो पॉइंट जनरेटरच्या लाइनवर घ्यायला कमिटीला सांगा. स्विच जेमतेम १०-२० वॉटचा असतो, नाही म्हणायचं कारण नाही.

आणि लांबलचक बिल्ड सर्व्हरवर टीमक्स या टर्मिनल प्रोग्रॅममध्येच चालवा. कनेक्शन तुटलं तरी काम सुरू राहतं, परत जोडून अटॅच करायचं. ही सवय कुठल्याही यूपीएसपेक्षा मोलाची.

माजिवडा_फाटा:
डेस्कटॉपवाल्यांसाठी: ६०० व्हीए म्हणजे बहुधा ३६० वॉट, आत १२ व्होल्ट ७ एएचची एकच बॅटरी. पीसी आणि मॉनिटर मिळून १२५ वॉट असतील तर १५-२० मिनिटं, म्हणजे फाइल सेव्ह करून नीट बंद करण्यापुरती. अ‍ॅक्टिव्ह पीएफसीचा (पॉवर फॅक्टर सुधारणारा) एसएमपीएस, म्हणजे पीसीचा पॉवर सप्लाय, असेल तर स्वस्त यूपीएसवर जाताना पीसी कधी कधी रीस्टार्ट होतो. तिथे शुद्ध साइनवेव्ह (घरच्या विजेसारखीच सलग लहर) देणारा यूपीएसच लागतो. लेड-अ‍ॅसिड बॅटरीला उष्णता मारते, २५ अंशांच्या पुढे वाढणाऱ्या दर १० अंशांना आयुष्य जवळपास निम्मं होतं. बंद कपाटात ठेवू नका.

घणसोलीकर:
फायबर थेट घरात येतं. अडॅप्टर पाहिले: ओएनटीचा १२ व्होल्ट १ अँपिअर, राउटरचा मात्र ९ व्होल्ट.

तीनहातनाका:
मग ९ आणि १२ अशी दोन वेगळी आउटपुट असलेलाच घ्या आणि दोन्ही वायरींना आजच चिठ्ठ्या चिकटवा. अंधारात अदलाबदल झाली तर ९ व्होल्टचा राउटर जळू शकतो. अडॅप्टरवरच्या गोलाच्या चित्रात मधला बिंदू प्लसला जोडलेला आहे ना, तेही बघून घ्या.