न्हाणीघराच्या भिंतीवर सरकणारी पिशवी: हा कीटक कोणता?

प्रश्न:
आमचे घर रत्नागिरीजवळ आहे. पावसाळ्यात न्हाणीघराच्या भिंतीवर भोपळ्याच्या बीएवढी, राखाडी, चपटी पिशवी चिकटलेली दिसते. रंगाचा पोपडा समजून मी ती अनेकदा झाडून टाकली. काल मात्र तिच्या टोकातून तपकिरी डोके बाहेर आले आणि पिशवी हळूहळू वर सरकू लागली. बोट लावताच डोके आत गेले आणि थोड्या वेळाने विरुद्ध टोकातून बाहेर आले! घरात लहान मूल आहे. यापासून काही अपाय होईल का?

उत्तर १:
ही टिनिइडी कुळातील एका छोट्या पतंगाची अळी आहे. वर्णनावरून वंश फेरिओइका असावा. ती चावत नाही. कोळ्यांची जुनी जाळी, गळलेले केस, लोकरीचे धागे असे घरातले टाकाऊ पदार्थ ती खाते, त्यामुळे लोकरीचे कपडे तेवढे जपावेत. तिला दमट हवा लागते, म्हणूनच ती न्हाणीघरात आढळते.

उत्तर २:
पिशवीविषयी थोडे अधिक लिहावेसे वाटते, कारण या अळीचे खरे कसब तिथेच आहे. पनामात फेरिओइका ॲल्युटेला या जातीचे निरीक्षण करून कीटकशास्त्रज्ञ ॲनेट आयेलो यांनी १९७९ मध्ये तिचा जीवनक्रम प्रसिद्ध केला. अंड्यातून बाहेर पडलेली अळी प्रथम रेशीम आणि वाळूचे कण यांची एक छोटी कमान उभारते, ती वाढवत नळी करते आणि अंग वाढेल तशी पिशवीही मोठी करत जाते. आतून मऊ रेशमाचे अस्तर असते आणि दोन्ही टोके उघडी असतात, त्यामुळे आतल्या आत वळून अळी कोणत्याही टोकाने चालू शकते; आपण पाहिलेत ते हेच. कोषावस्थाही त्याच पिशवीत जाते. पतंग बाहेर पडल्यावर कोषाची रिकामी साल टोकाशी अर्धवट बाहेर लोंबत राहते, ती भिंगाने अवश्य पाहावी. पतंग राखाडी असतो, पंखांवर काळसर ठिपके असतात आणि पंख पसरले तरी तो जेमतेम सेंटिमीटरभर भरतो.

प्रश्नकर्ती:
मनापासून आभार. जाळी काढून भिंत कोरडी ठेवीन. एक पिशवी मात्र जाळीचे झाकण लावलेल्या बरणीत ठेवली आहे, पतंग बाहेर आला की इथे कळवीन.