मदत हवी आहे: पहिला अ‍ॅनिमोन नऊ दिवसांत गेला, दुसरा आणू की नको?

नमस्कार मंडळी, गोव्यातल्या फोंड्याहून लिहितेय. बरेच दिवस खाऱ्या पाण्याच्या टाकीबद्दलचे धागे नुसते वाचत होते, आज विचारल्याशिवाय राहवत नाहीये कारण शनिवारपर्यंत दुकानदाराला हो की नाही ते कळवायचंय.

टाकी तीन फुटी आहे, दीडशे लिटरच्या आसपास पाणी, गेल्या जूनच्या शेवटी सुरू केली म्हणजे अकरा महिने होत आले. ओसेलारिस जातीच्या क्लाउनफिशची (नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचे मासे) जोडी होती, दोन्ही टाकीतच पैदास झालेले. लेकीला अ‍ॅनिमोन हवा होता (फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी, क्लाउनफिश त्यात राहतात; तिच्या शाळेच्या पुस्तकात समुद्रफूल म्हणून चित्र आहे) आणि खरं सांगायचं तर मलाही हवाच होता. सप्टेंबरच्या शेवटी एका दुकानातनं कार्पेट अ‍ॅनिमोन आणला, पांढराशुभ्र, मोगऱ्याच्या गजऱ्यासारखा दिसायचा. दुकानदार म्हणाला हा रंग दुर्मिळ असतो, म्हणून थोडे जास्तच पैसे दिले.

पहिले दोन दिवस काचेला चिकटून बसला, मग सुटला आणि पाण्याच्या धारेत इकडून तिकडे लोळत राहिला. तोंड उघडं असायचं, मला वाटलं भूक लागलीय, मी सुंगटाचा (कोळंबीचा) तुकडा द्यायचे, तो आत जायचा आणि तासाभराने तसाच बाहेर. नवव्या दिवशी सकाळी उठले तर हॉलमध्ये मासळी बाजार उठल्यावर येतो तसा वास, टाकीतलं पाणी पेजेच्या निवळीसारखं झालेलं. हाताने काढायला गेले तर बोटांत सायीसारखा आला, तुटून तुटून. संध्याकाळपर्यंत जोडीतली मोठी मादी गेली. धाकट्याला बादलीत ताजं मिठाचं पाणी करून एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावून वाचवला. लेक दोन दिवस टाकीच्या बाजूला फिरकली नाही.

आता तो एकटा मासा रात्री पॉवरहेडच्या (पाणी हलवणारा छोटा पंप) स्पंजला अंग घासत तिथेच झोपतो, ते बघून जीव तुटतो. आणि दुकानात आता तपकिरी हिरवट बबल टिप जातीचा अ‍ॅनिमोन आलाय, वीतभर पसरलेला.

तर मला विचारायचंय ते असं की माझी टाकी आता अ‍ॅनिमोनच्या लायक आहे का, तो निवडताना नेमकं काय बघायचं, आणि मृग तोंडावर आलाय, आमच्याकडे पावसात दोन दोन तास लाईट जाते तेव्हा काय करता तुम्ही लोक. सध्याचे आकडे देते: अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट २०, हायड्रोमीटरवर (खारटपणा मोजायचं साधन) १.०२३, तापमान दुपारी ३१ पर्यंत जातं. सुरुवातीला समुद्राचं पाणी मिरामारहून कॅन भरून आणत होतो, डिसेंबरपासून आरओच्या पाण्यात बाजारात मिळणारं टाकीसाठीचं सी सॉल्ट मिसळते. टाकीत खडक, दीड इंच वाळू, एका दगडावर थोडे झोआ (छोटे मऊ कोरल). गोगलगायी दोनदा आणल्या, ऑक्टोबरमध्ये आणि जानेवारीत, पण टिकल्या नाहीत, मालच अशक्त असावा. अजून एक, वागातोरच्या खडकांत ओहोटीला छोटे अ‍ॅनिमोन दिसतात, त्यातला एखादा आणून बघणं चूक आहे का?

परत एक जीव माझ्या हातून जायला नकोय. स्पष्ट सांगा, वाईट वाटलं तरी चालेल.

प्रतिसाद

ताई, वाचून वाईट वाटलं. मी वास्कोला, सहा वर्षं झाली टाकीला, दोन अ‍ॅनिमोन मीही घालवलेत म्हणून सविस्तर लिहितो.

तुमचा पहिला पांढरा होता तिथेच खरं तर निकाल लागलेला. अ‍ॅनिमोनचा तपकिरी रंग हा त्याच्या अंगात राहणाऱ्या शेवाळाचा, झूझँथेली म्हणतात त्याला, ते प्रकाशावर अन्न बनवतं आणि त्यातलं बरंचसं अ‍ॅनिमोनला देतं. पांढराशुभ्र म्हणजे ते शेवाळ निघून गेलंय, प्राणी उपाशी आहे. दुर्मिळ वगैरे काही नाही. भडक पिवळा किंवा गुलाबी शाईसारखा दिसला तर तो पांढऱ्यालाच रंगात बुडवलेला असू शकतो, त्यालाही हात लावू नका. शिवाय कार्पेटमधला हॅडोनाय जातीचा वाळूत पाय खोल रोवून बसणारा, त्याला दीड इंच वाळू काय पुरणार, आणि प्रकाश जबरदस्त लागतो. त्यामानाने बबल टिप सोसणारा आहे, खडकाच्या फटीत पाय घालतो, टाकीत स्वतःचे दोन तुकडे करून वाढतोही. निसर्गात ओसेलारिस बबल टिपमध्ये राहत नाहीत, ते ज्यांत राहतात ते यजमान अ‍ॅनिमोन वेगळे, पण टाकीत बहुतेक वेळा जमतं. कधी महिनोन्‌महिने ढुंकूनही बघत नाहीत, तीही तयारी ठेवा. क्लाउनला अ‍ॅनिमोन लागतोच असं नाही, त्याच्याशिवाय तो मजेत जगतो.

आता मिरामारचं पाणी. अहो मिरामार म्हणजे मांडवीचं तोंड, जून ते सप्टेंबर सगळा पाऊस नि लाल माती तिथूनच समुद्रात येते, वरच्या थराचं पाणी जवळजवळ गोडं होतं. तुम्ही टाकी ऐन पावसात भरलीत. तेव्हा हायड्रोमीटर काय दाखवत होता आठवतंय का? माशाला कमी खारटपणा चालून जातो, आजारात मुद्दाम १.००९ पर्यंत उतरवतात लोक, त्यामुळे मासे मजेत दिसतात आणि आपण फसतो. अ‍ॅनिमोनला ती सोय नाही, बाहेरचं पाणी जसं तसं त्याच्या अंगातलं होतं. त्याला १.०२५ ते १.०२६ पाहिजे आणि रोज तेवढंच पाहिजे. काटा हलणाऱ्या हायड्रोमीटरवर बुडबुडा बसला की चुकीचा आकडा येतो, रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाशावरून खारटपणा मोजतो) घ्या आणि तो ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग मीठ) द्रावणाने तपासून घ्या.

३१ तापमान जास्त आहे, २५ ते २७ मध्ये आणा. पाण्यावर तिरका पंखा लावला की एक दोन डिग्री उतरतं, पण आपल्या दमट हवेत त्याहून जास्त आशा नको, चिलर महाग पडतो म्हणून मी मे महिन्यात त्या खोलीचा एसी चालवतो. पंख्याने पाणी उडतं, मीठ मागे राहतं, तेव्हा भर घालताना साधं आरओचंच पाणी, खारं नाही. नायट्रेटही १० च्या खाली आलं तर बरं.

वागातोरचं मात्र मनातनं काढून टाका. ते खडकातले छोटे अ‍ॅनिमोन भरती ओहोटीवर जगणारे, क्लाउनचा नि त्यांचा संबंध नाही. आणि तिथनं दगड उचलताना त्यावर कोरल असेल तर ते प्रकरण वेगळंच, टणक कोरल १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे.

प्रतिसाद

लाईटचं मी सांगते, म्हापशाला आमच्याकडे पण तेच रडगाणं. हीटर नि दिवे सोडा, फक्त एक पॉवरहेड घरच्या इन्व्हर्टरच्या लाईनवर घ्या, त्याला फार वीज लागत नाही. सोबत सेलवर चालणारा एअर पंप ठेवा, मच्छीमार लोक वापरतात तो, लाईट गेली की आपोआप सुरू होणारे पण मिळतात. दिवे दोन चार तास नसले तर अ‍ॅनिमोनला काही होत नाही, पाणी हललं पाहिजे.

आणि पॉवरहेडच्या तोंडाला जाडसर स्पंज बांधाच, तुमच्याकडे आहे म्हणताय ते छान. माझा बबल टिप तिसऱ्या रात्री फिरायला निघाला आणि सरळ पॉवरहेडच्या पात्यांत गेला. नवीन आणला की पहिले दोन आठवडे तो जागा शोधत फिरतो, बसला की बसला. ओढून काढायचा नाही, पाय फाटला की संपलं. झोआ लांब ठेवा, नाहीतर चटके देईल त्यांना.

निवडताना काय बघायचं: तोंड घट्ट मिटलेलं, पाय अखंड, बोट लावलं की शुंडक चिकटले पाहिजेत. दुकानात येऊन किती दिवस झाले ते विचारा आणि दोन आठवड्यांनी परत जाऊन बघा. तुमच्यासमोर त्याला खायला घालायला सांगा. दिवसातनं एकदा आकसून लिंबाएवढा होतो आणि तपकिरी धागे टाकतो, त्याला घाबरू नका, ती त्याची शी आहे. पण तोंड उघडं पडून आतलं बाहेर दिसत राहिलं की समजायचं.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. दादा, वही काढून बघितली. सप्टेंबरमध्ये हायड्रोमीटर १.०१८ दाखवत होता. मी दुकानात विचारलेलं, ते म्हणाले मासे खातायत ना मग चालतंय. मासे खरंच खात होते. आता कळतंय काय झालं ते. रिफ्रॅक्टोमीटर मागवला.

म्हणजे आता पाणी १.०२५ वर आणलं, पंखा लावला, इन्व्हर्टरचं केलं की महिनाभराने आणू शकते असं धरू का?

प्रतिसाद

थांबा ताई, एक राहिलंच. तुमच्या गोगलगायी दोनदा का मेल्या? डिसेंबरपासून पाणी नीट आहे म्हणताय आणि जानेवारीतल्याही गेल्या. टाकीत कधी औषध घातलं होतं का?

धागाकर्ती

हो, ऑगस्टमध्ये. माशांच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आले होते, दुकानातनं निळं औषध दिलेलं, दहा दिवस घातलं, ठिपके गेले. तेच टाकीत घातलं, वेगळ्या बादलीत नाही. गोगलगायी तिसऱ्या दिवशी उलट्या पडायच्या, पाय बाहेर लोंबत. बाटली अजून आहे का बघते.

प्रतिसाद

बाटलीवर कॉपर लिहिलंय का तेवढं बघा. निळं म्हणजे मिथिलीन ब्लू पण असेल, पण कॉपर सल्फेट असेल तर उत्तर मिळालं. माशाला सोसेल एवढं तांबं गोगलगाय, कोळंबी, अ‍ॅनिमोन यांना विष आहे. आणि ते पाण्याबरोबर पूर्ण निघून जात नाही, खडक नि वाळू ते धरून ठेवतात आणि हळूहळू सोडत राहतात. पाणी कितीही बदला.

तसं असेल तर शनिवारी नाही म्हणून सांगा. कॉपरची टेस्ट किट आणा, फिल्टरमध्ये तांबं ओढणारं रेझिन नि ताजा कार्बन टाका, वाळू सरळ बदलून टाका. टेस्ट शून्य आली की आधी दोन गोगलगायी सोडा. त्या महिना दीड महिना काचेवर फिरत राहिल्या, चरत राहिल्या, तरच पुढचं. खडक सोडतच राहिला तर तोही बदलावा लागेल, मन घट्ट करा.

घाई नाही हो ताई. स्कॉटलंडात जॉन डॅलियेल म्हणून निसर्ग अभ्यासक होते, त्यांनी १८२८ साली किनाऱ्यावरनं आणलेला एक अ‍ॅनिमोन बरणीत १८८७ पर्यंत जगला, ते स्वतः वारले तरी तो होता, लोक त्याला आजी म्हणायचे. जात वेगळी, पण हा प्राणी म्हातारपणाने सहसा मरत नाही एवढं लक्षात घ्या. तुमच्या लेकीचं लग्न बघेल तो, नीट ठेवलात तर.

धागाकर्ती

बाटली सापडली, माळ्यावरच्या डब्यात. बारीक अक्षरात कॉपर सल्फेट लिहिलंय.

दुकानदाराला आत्ताच फोन केला, बबल टिप माझ्यासाठी ठेवू नका म्हटलं. लेकीला बाटली दाखवून सगळं सांगितलं, ती म्हणाली मग आपण आधी गोगलगायी जगवू. उद्या रविवार, दोघी मिळून वाळू काढतो. वाळू एकदम सगळी काढली तर अमोनिया चढेल का, मासा आतच आहे?

प्रतिसाद

चढू शकतो. एका वेळी एक तृतीयांश काढा, नळीने ओढून, आठवडाभर थांबून पुढची. दगड हलवू नका. रोज संध्याकाळी अमोनिया तपासा आणि मिठाचं वीस लिटर पाणी कालवून तयार ठेवा.