मदत हवी आहे: वहीतल्या पायऱ्यांच्या पुढे कसं न्यायचं?

नमस्कार मंडळी,
लालबागला आमच्या चाळीच्या मंडळाच्या खोलीत दर रविवारी दुपारी मोबाईलचा वर्ग घेते. ११ जण येतात, बहुतेक साठी ओलांडलेले. व्हिडिओ कॉल, फोटो पाठवणं, भाजीवाल्याचा क्यूआर स्कॅन करणं सगळ्यांना जमतं. गाडं अडलंय ते त्याच्या पुढे.

प्रत्येकाकडे वही आहे. "हिरवं चित्र दाबा, वर उजवीकडे तीन ठिपके" असं त्यात लिहिलेलं. (लिहून घ्या म्हणून मीच सांगितलं होतं, आता निस्तरतेय.) लोकलचं तिकीट यूटीएस ॲपवर काढायला तीन रविवार घालवले. मग २०२५ मध्ये रेल्वेचं नवं रेलवन ॲप आलं आणि वहीतलं एक पान जुळेना. एक काकू म्हणाल्या, "अगं, परत श्रीगणेशा?" कुठून, कुठे, किती माणसं, पैसे कसे देणार, दोन्ही ॲप विचारतात तेच. पण वर्गातल्यांच्या डोळ्यांना बटणंच दिसतात.

पेन्शनवाल्या काकांचं आणखी वेगळं. हयातीच्या दाखल्यासाठी जीवन प्रमाण घेतलं, तर चेहरा ओळखायला आधार फेसआरडी हे दुसरं ॲप लागतं. एका ॲपला दुसरं कशाला लागावं? मला नीट सांगता आलं नाही. डिजिलॉकर (कागदपत्रं ठेवायचं सरकारी ॲप) मधलं आधार आणि व्हॉट्सॲपवर आलेला आधारचा फोटो यांतला फरकही तसाच डोक्यावरून गेला.

एकच गोष्ट पक्की बसली: पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही. परवा एकीला "पैसे पाठवलेत, पिन टाका" असा फोन आला, तिनं तो सरळ कापला. त्यात बटण नव्हतं, नियम होता. असं बाकीचं कसं शिकवायचं? कुणी केलंय का? एमएस-सीआयटी कृपया सुचवू नका, वर्ड-एक्सेल त्यांना नकोय.

प्रतिसाद १:
ताई, गोरेगावला मी हेच करतो. वही काढून घेऊ नका, नाहीतर माणसं यायचीच बंद होतील. पानाच्या डाव्या बाजूला पेनानं "मला काय हवंय" आणि उजव्या बाजूला पेन्सिलीनं बटणं लिहायला लावा. ॲप बदललं की पेन्सिलीचं तेवढं खोडायचं. आणि सराव एम-इंडिकेटरवर (लोकलच्या वेळा दाखवणारं ॲप) घ्या, तिथे चुकलं तरी पैसे जात नाहीत. "दादरहून विरारची पुढची फास्ट शोधा" एवढंच सांगून गप्प बसायचं. हे गप्प बसणंच कठीण.

धागाकर्ती:
पेन्सिलीचं आवडलं! गप्प बसायचा प्रयत्न केला, चार मिनिटं टिकले. पण दोघींनी गाडी शोधली, एकीनं चुकून हार्बरची. डिजिलॉकरचं कुणी सांगेल का?