लेदर कोरल मिटलंय, काय करू?

जुळे सोलापूरला राहतो, १०० लिटरचा रीफ टँक (खाऱ्या पाण्याचा, जिवंत प्रवाळांचा) आहे, त्यातलं लेदर कोरल, म्हणजे चामड्यासारखं मऊ प्रवाळ, चार दिवस मिटूनच बसलंय, वर मेणासारखा पापुद्रा आलाय, पाणी दुपारी ३१ डिग्रीला जातंय. मरतंय का हो?

— घाबरू नका दादा, साप कात टाकतो तसं लेदर पापुद्रा टाकतं. पंपाचा झोत जरा तिकडं वळवा, खरवडू नका. पण ३१ जास्तच, २५-२६ ला आणा.

— झाकण काढून पाण्यावर छोटा पंखा लावा, आपल्याकडं हवा कोरडी, २-३ डिग्री उतरतं. फक्त पाणी भराभर उडतं नि खारटपणा वाढतो, म्हणून रोज साधं आरओचं पाणीच घाला. मी मे महिन्यात मिठाचं घालत राहिलो, झोआ (बटणासारखे छोटे कोरल) सगळे गेले, अजून वाईट वाटतं.

— पंखा लावला, २८ वर आलंय! कडेचा पापुद्रा सुटून लोंबतोय, खाली दोन बारीक तुरे दिसतायत.